दोन दासी, दोन क्षण

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय इतिहासचित्रांत ग्रीक कथांना मानाचे पान होते. ती चित्रणरीती आपल्याकडे आली तेव्हा होमरची जागा व्यास-वाल्मीकींनी घेतली. राजा रविवर्मा यांच्याविषयी लिहिताना ‘तंत्र पाश्चात्त्य, विषय पौराणिक’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. अशा चित्राचा कस मात्र लागतो तो क्षणाच्या निवडीत.

फ्रेडरिक लेटनचे ‘बंदिवान अँड्रोमाकी’ हे चित्र १८८८च्या सुमाराचे. सुमारे चार मीटर रुंदीच्या या चित्रात ट्रॉयच्या हेक्टरची विधवा परमुलखात दासी होऊन पाणवठ्यावर उभी आहे. भोवती बायकांची लगबग. ती एकटी काळ्या वस्त्रात. जवळच एक जोडपे आपल्या तान्ह्या बाळात रमले आहे. तिचे मूल मारले गेले, पती गेला, नगर जळाले. व्हायचे ते होऊन गेले आहे. पाहणाऱ्याच्या हाती हळहळ तेवढी उरते.

१८९०मध्ये रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी चौदा पौराणिक चित्रे पूर्ण केली. त्यांत ‘कीचक-सैरंध्री’ आहे. पात्र घेऊन कीचकाकडे निघालेली भयभीत द्रौपदीही त्यांनी वेगळ्या चित्रात रंगवली. तीही राणी, तीही परक्या घरी दासी. एकाने दुसऱ्याचे पाहून काढले, असे मला सुचवायचे नाही. साम्य प्रसंगाचे आहे आणि फरक क्षणाचा. भीम अजून यायचा आहे, हे महाभारत ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणून तो नुसता कळवळत नाही. तो वाट पाहतो.

ही वाट पाहणे किती स्फोटक आहे, ते १९०७मध्ये रंगभूमीवर दिसले. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पराधीन देश आणि युधिष्ठिर-भीमांत मवाळ-जहाल ओळखले. डिसेंबर १९०९मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा प्रयोग ‘शारदा’चा होता. पण १९१०मध्ये बंदी आली ती ‘कीचकवधा’वर.

रविवर्मा यांनी राजद्रोह रंगवला नव्हता. ते तर संस्थानिकांचे लाडके चित्रकार. तरीही त्यांच्या चित्रांना नुसती उसनी ठरवणे अपुरे आहे. रीत बाहेरची होती. पुढे काय होणार हे जाणणारा प्रेक्षक इथला होता, आणि अर्थ त्याने पुरा केला.