गाळणीचे दुसरे तोंड : जावातील प्रवाह-वेष्टनांची एक चिकित्सा

मजकूर फाइलीतून येवो, दूरच्या संगणकावरून येवो वा स्मृतीतून येवो, वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तो एकामागून एक येणाऱ्या बाइटांच्या प्रवाहाच्या रूपानेच भेटावा, हा जावा ह्या संगणकभाषेने स्वीकारलेला संकेत होय. १९९६ साली ही भाषा प्रसिद्ध झाली तेव्हापासून तीत 'इनपुटस्ट्रीम' हा मूळ क्लास आहे व त्याच्याच पोटी 'फिल्टरइनपुटस्ट्रीम' हा दुसरा क्लास आहे. एका प्रवाहाभोवती दुसऱ्या प्रवाहाचे वेष्टन घालावे आणि मजकूर बाहेर येता येता गाळून वा पालटून घ्यावा, हे ह्या दुसऱ्या क्लासचे प्रयोजन. मराठी मजकुराचे संग्रह सिद्ध करून त्यांवर भाषावैज्ञानिक काम करू इच्छिणाऱ्या अभ्यासकांचा अशा गाळण्यांशी आज ना उद्या संबंध येतोच. म्हणून तिच्या रचनेचे गुणदोष येथे तपासावयाचे आहेत.

प्रथम गुणांचा विचार करू. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस ह्यांनी 'डिझाइन पॅटर्न्स' ह्या १९९४ च्या ग्रंथात अशा रचनेस 'डेकोरेटर' हे नाव दिले असून तिच्या उदाहरणांत प्रवाहांचाही उल्लेख केला आहे. वेष्टन बाहेरून मूळ वस्तूसारखेच दिसते, हे तिचे मर्म. त्यामुळे वेष्टनावर वेष्टन चढविता येते : फाइलीच्या प्रवाहाभोवती साठवणीचे, त्याभोवती संकोचित मजकूर उलगडणारे, त्याभोवती आपल्या गाळणीचे. मराठीच्या अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटू नये. 'घर', 'घरात', 'घरातला', 'घरातल्याने' ह्या मालिकेत प्रत्येक प्रत्यय आधीच्या सिद्ध रूपाला कवेत घेतो आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. वेष्टनांचेही तसेच आहे. उलगडण्यापूर्वी गाळू गेल्यास अर्थहीन बाइटच हाती लागतील. भेद आहे तो एवढाच की मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्द सामान्यरूप धारण करतो, म्हणजे आपल्याला काही जोडले जात आहे ह्याची खूण तो स्वतःच्या अंगावर वागवितो. जावातील आतला प्रवाह मात्र आपल्याभोवती काय आहे हे जाणत नाही आणि बाहेरून वाचणाऱ्यालाही आत किती वेष्टने आहेत हे कळत नाही. लवचिकपणा ह्यातूनच येतो. आणि पुढे सांगावयाचे दोषही ह्यातूनच येतात.

पहिला आक्षेप रचनेच्या अंतर्भागावर आहे. प्रवाहातून वाचण्याची 'रीड' ही मेथड दोन प्रकारची आहे : एक, एकेक बाइट देणारी, दुसरी, बाइटांचा गठ्ठा देणारी. मूळ 'इनपुटस्ट्रीम'मध्ये गठ्ठ्याची मेथड एकेरी मेथडवर आधारलेली आहे. तेथे एकीत सुधारणा केली की ती दुसरीतही आपोआप उतरते. 'फिल्टरइनपुटस्ट्रीम'मध्ये हा आधार तोडलेला आहे. त्यातील दोन्ही मेथडी आतल्या प्रवाहाकडे स्वतंत्रपणे बोट दाखवितात. त्यामुळे विद्यार्थ्याने केवळ एकेरी 'रीड' नव्याने लिहिली, तर एकेक बाइट वाचणाऱ्या चाचणीत गाळणी अचूक चालते. परंतु तिच्याभोवती अक्षरे वाचणारा 'इनपुटस्ट्रीमरीडर' चढविला की तो गठ्ठ्यानेच वाचतो आणि सारा मजकूर न गाळता बाहेर पडतो. घागरीच्या एका तोंडाला फडके बांधावे आणि दुसरे तोंड उघडे ठेवावे, तसा हा प्रकार आहे. 'स्किप' ही मेथडही आतल्या प्रवाहातील न गाळलेले बाइटच ओलांडते. आतल्या प्रवाहाची गठ्ठ्याने वाचण्याची गती राखली जाते, हा ह्या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. तथापि ज्या क्लासचे नावच गाळणी आहे, त्याने काही न सांगितल्यास सर्व काही सोडून द्यावे, हा संकेत सदोषच म्हटला पाहिजे. कारण येथील चूक थांबवीत नाही, अडखळवीत नाही. ती मुकाट्याने घडते.

गठ्ठ्याची मेथड लिहितानाही एक पथ्य पाळावे लागते. मागितलेली लांबी शून्य नसेल तर निदान एक बाइट मिळेपर्यंत थांबावे आणि प्रवाह संपल्यावरच उणे एक हे उत्तर द्यावे, असा तिचा करार आहे. हाती आलेला संपूर्ण गठ्ठाच गाळला गेला, तर शून्य हे उत्तर करारभंग ठरेल आणि उणे एक हे उत्तर असत्य ठरेल. अशा वेळी गाळणीने पुन्हा आत हात घातला पाहिजे.

दुसरा आक्षेप गाळावयाच्या घटकाविषयी आहे आणि भाषाभ्यासकाला तोच अधिक महत्त्वाचा वाटेल. ही गाळणी बाइट जाणते. अक्षर जाणत नाही. यूटीएफ-८ ह्या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. 'ळ' म्हणजे २२४, १६४, १७९. आता १२८ ते १५९ हे बाइट जुन्या पाश्चात्त्य संकेतांत नियंत्रणचिन्हे मानले जात, म्हणून ते निरुपयोगी समजून गाळणारी एक गाळणी कल्पू. तिच्यातून 'अ' पासून 'ट' पर्यंतची सर्व अक्षरे तिसरा बाइट गमावून भग्न होतील. 'ठ' पासून 'ह' पर्यंतची सुखरूप राहतील. काना व ऱ्हस्व वेलांटी टिकतील. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्ताचे चिन्ह नष्ट होईल. 'वाढ' शाबूत राहील आणि 'वाट' मोडेल. वर्णमालेची अशी फाळणी कोणत्याही व्याकरणकाराने केलेली नाही. ती केवळ संकेतांकांच्या योगायोगाने होते. भर म्हणजे 'इनपुटस्ट्रीमरीडर' नेहमीच्या वापरात भग्न बाइटांची तक्रार करीत नाही. त्यांच्या जागी एक ठरावीक चिन्ह घालून पुढे जातो.

हा दोष कर्त्यांना उमगला नव्हता असे नाही. ओळी मोजणारे 'लाइननंबरइनपुटस्ट्रीम' हे वेष्टन १.१ ह्या आवृत्तीपासून त्याज्य ठरविण्यात आले आणि बाइट म्हणजेच अक्षर हे त्यातील गृहीत चुकीचे होते, असे कारणही नोंदविण्यात आले. त्याच आवृत्तीत अक्षरांच्या प्रवाहासाठी 'रीडर' हे स्वतंत्र कुल आले. मात्र त्या कुलातील 'फिल्टररीडर'मध्ये दोन तोंडांचा जुना दोष जसाच्या तसा उतरला, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु बाइटांकडून अक्षरांकडे आल्याने प्रश्न संपतो, असे मानणे भोळेपणाचे होईल. ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतःच्याच कामात घेतला आहे. एका शब्दसूचीसाठी अदृश्य चिन्हे काढून टाकणारी अक्षर-गाळणी मी लिहिली होती. ती निर्दोष चालली. काही दिवसांनी ध्यानात आले की सूचीत डोंगरांच्या वर्णनांतून 'दर्या' भेटतो आहे. मराठीचा चंद्रकोरी रफार दोन प्रकारे लिहिला जातो : 'ऱ' ह्या स्वतंत्र संकेतांकाने, किंवा 'र', हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह अशा क्रमाने. दुसऱ्या प्रकारातील ते जोडचिन्ह अदृश्य असते. माझ्या गाळणीने ते कचरा समजून काढले आणि 'दऱ्या' चा 'दर्या' झाला. 'आचाऱ्यास' दिलेला शिधा 'आचार्यास' पोचला. संगणकाने चूक केली नव्हती. अदृश्य म्हणजे निरर्थक हे गृहीत माझे होते आणि मराठीत ते खोटे आहे.

ह्या चिकित्सेचा निष्कर्ष वेष्टनाच्या तत्त्वाविरुद्ध नाही. ते तत्त्व सुंदर आहे व टिकाऊही आहे. आक्षेप आहे तो त्यातील मौनावर. म्हणून मराठी मजकुरासाठी काही नियम सुचवावेसे वाटतात. बाइटांचे अक्षरांत रूपांतर होण्यापूर्वी मजकूर गाळू नये. रूपांतर करताना यूटीएफ-८ चे नाव स्पष्ट लिहावे. २०२२ च्या जावा १८ पासून तो संकेत मुळातच गृहीत धरला जातो, परंतु त्यापूर्वीच्या आवृत्तींत ते यंत्रावर अवलंबून असे. भग्न बाइट आढळताच थांबणारा रूपांतरक वापरावा. गाळणी 'फिल्टररीडर'वर न उभारता थेट 'रीडर'वर उभारावी. तेथे गठ्ठ्याची मेथड लिहिणे सक्तीचे असून एकेरी 'रीड' व 'स्किप' तिच्यावरच अवलंबून असतात, त्यामुळे दुसरे तोंड उरतच नाही. आणि गाळणीने काय काढले ह्याची यादी तिने स्वतंत्र ठेवावी. पाणी गाळल्यावर फडक्यावर काय उरले, हे घरातली बाई पाहतेच. संशोधकाने त्याहून कमी सावध असू नये.