गोवारीकरांचं खातं

आमच्या घरी सिनेमावर मत देण्याचा अधिकार सौ.चा, माझ्याकडे फक्त तिकिटाचे पैसे द्यायचं खातं. पण आशुतोष गोवारीकरांचा विषय निघाला की मला आपण बी. कॉम. असल्याचं आठवतं आणि मी त्यांची खतावणी उघडतो.

पहिल्या पानावर 'पहला नशा' (१९९३) आणि 'बाज़ी' (१९९५). उलाढाल किरकोळ. मग २००१चा 'लगान'. जवळजवळ पावणेचार तास! आमच्या कॅशियरची जेवणाची सुट्टीदेखील इतकी लांबत नाही. पण दुष्काळात सारा माफ करून घ्यायला क्रिकेट खेळायचं, ही युक्ती आम्हां जालना जिल्हावाल्यांना एकदम पटली. पिक्चर ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला. 'जोधा अकबर' (२००८) चालला, पण त्यात कॅमेरा सोनेतारणाच्या सराफासारखा दागिने पारखत बसतो. 'व्हॉट्स युवर राशी?'मध्ये (२००९) बारा राशींच्या बारा मुली एकट्या प्रियांका चोप्रानं केल्या. एवढी काटकसर, तरी लांबी तीच! 'मोहेंजो दारो'त (२०१६) गाडलेलं शहर वर आलं आणि गल्ला खाली गेला.

राहिला 'स्वदेस' (२००४). गाव वाईजवळच्या मेणवलीत उभं केलेलं. तिकीटबारीवर आपटला. आमच्या भाषेत बुडीत खातं. त्यात 'नासा'तला मोहन गीताच्या जमिनीचा थकलेला खंड आणायला हरिदासकडे जातो. हा विणकर, माग सोडून शेती धरली म्हणून गावानं त्याचं पाणी तोडलेलं. मोहन वसुली न करताच परत फिरतो. वाटेत स्टेशनावर एक पोरगं चार आण्यांना पाणी विकतं. बाटलीबंद पाणी पिणारा मोहन ते पाणी पितो. बस्स, एवढंच. ना महाल, ना हत्ती.

एका उन्हाळ्यात साहेबांनी मला थकबाकीची नोटीस देऊन आष्टीत एका दारी धाडलं. म्हातारीनं काही विचारायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी टँकरचं, तेही आठवड्यानं आलेलं. मी प्यालो. नोटीस खिशातच राहिली. परत येऊन शेरा मारला, 'कर्जदार घरी आढळला नाही.' इतक्या वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून केलेली ही माझी एकच खोटी नोंद.

म्हणून माझी टीका एवढीच, की चार आण्यांच्या पाण्यात जे जमलं, ते गोवारीकरांना पुढे कुठल्याच महालात जमलं नाही. तेवढी थकबाकी त्यांच्याकडे आहे.

सौ. म्हणाली, "मग जा की वसुलीला!"

नको. त्यांनीही पाणी पुढे केलं तर?