बावीस आणि आठ

नेदरलँड्समधल्या १९०९ स्त्रिया. प्रत्येकीला स्तनाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका १५ टक्के किंवा त्याहून अधिक. ३५८ जणींच्या जनुकांतला दोष सिद्ध झालेला. मीके क्रीगे आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध जुलै २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, तो त्याच्या बांधणीसाठी.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासायचं, वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि एमआरआय. खरी कारागिरी पुढे आहे: एक चित्र वाचणाऱ्याला दुसऱ्याचा निकाल कळू द्यायचा नाही. एमआरआयमध्ये गाठ आहे हे कानावर आलं, की मॅमोग्राममध्येही ती दिसू लागते. माणसाची नजर अशीच असते. ही अट नसती, तर पुढच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला नसता.

तरुण स्तनात ग्रंथींची दाटी असते. क्ष-किरणांत ती पांढरी उमटते आणि गाठही पांढरीच; चुन्याच्या भिंतीवरची खडूची रेघ शोधावी तसं ते काम. आनुवंशिक धोका असलेल्यांना हा आजार कमी वयात गाठतो, म्हणजे मॅमोग्राफीची नजर जिथे अधू, नेमकी तिथेच तिची गरज. एमआरआयची रीत निराळी. बाई पालथी झोपते, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध जातं, आणि गाठीने स्वतःसाठी वाढवलेल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून ते झिरपून गाठ भराभर उजळते.

हिशोबात धरलेल्या ४५ कर्करोगांपैकी एमआरआयला ३२ दिसले. त्यांतले २२ मॅमोग्राफीला दिसलेच नव्हते. घाईचा वाचक इथेच पान मिटेल, पण निबंधाचा कस पुढच्या ओळीत लागतो: आठ कर्करोग मॅमोग्राफीने पकडले आणि एमआरआयकडून निसटले. त्या आठांतले पाच दुधाच्या नळ्यांतच असलेले, बाहेर न पसरलेले. अशा रोगात अनेकदा कॅल्शियमचे बारीक कण साचतात. मॅमोग्राफी ते टिपते, एमआरआयला ते दिसत नाहीत. ज्या यंत्राची बाजू बळकट ठरत होती, त्याची ही उणीव लेखकांनी उघड मांडली. या प्रामाणिकपणापुढे मी मान तुकवतो. सोबत किंमतही लिहिली आहे: एमआरआयमुळे विनाकारण झालेल्या बायोप्सी २४, मॅमोग्राफीमुळे ७. त्यातल्या प्रत्येक सुईमागे निकालाची वाट पाहणारी एक बाई आहे.

देखरेखीखालच्या स्त्रियांत पसरू लागलेल्या गाठींपैकी ४३.२ टक्के गाठी दहा मिलिमीटर किंवा त्याहून लहान असताना सापडल्या. तुलनेच्या दोन गटांत हे प्रमाण १४ आणि १२.५ टक्के होतं. गाठ लवकर सापडली हे यातून दिसतं. जीव वाचले, असा दावा मात्र लेखक करत नाहीत, २.९ वर्षांच्या मध्यक पाठपुराव्यावर तो करताच आला नसता.