सर्वदिग्दर्शी छायाचित्रे : साधन की शोभा?

एका ठिकाणी उभे राहून चोहोबाजूंस, वर आणि खाली जे जे दिसते ते एकाच प्रतिमेत साठवावे, आणि पाहणाऱ्याने पडद्यावर बोट फिरवून हव्या त्या दिशेस नजर वळवावी, अशी सोय करणाऱ्या संगणक-प्रणाली आता सर्वत्र झाल्या आहेत. कल्पना जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने वर्तुळाकार दृश्यचित्राचे पेटंट १७८७ सालीच घेतले होते. या प्रणालींची स्तुती प्रवासी मंडळींनी पुष्कळ केली आहे. इतिहासाचे साधन या नात्याने त्यांची योग्यता काय, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे जुने देवालय उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. धरण १९८० साली पुरे झाले. तेव्हापासून पाणी फार ओसरेल त्या उन्हाळ्यातच ते देवालय व भोवतालचे वीरगळ उघडे पडतात. कोणता वीरगळ कोणाच्या शेजारी आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, हे सुट्या छायाचित्रांवरून नीट कळत नाही. सर्वदिग्दर्शी प्रतिमेवरून कळते. पाणी पुन्हा केव्हा ओसरेल याचा नेम नसल्यामुळे तोवर ती प्रतिमा हीच अभ्यासकाच्या हातची प्रत होय.

परंतु ही प्रत एकटाकी नव्हे. ती अनेक छायाचित्रे सांधून सिद्ध होते. कॅमेरा फिरविताना भिंगाचे स्थान किंचित सरकले तरी जवळचा खांब व मागची भिंत यांचा मेळ बिघडतो, आणि सांध्यावर एखादा दगड दुणावतो किंवा गळतो. लेखकूने एक शब्द दोनदा लिहावा अथवा ओळ गाळावी, त्यातलाच हा प्रकार. याहून घातक म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई झाकण्यासाठी तिच्या जागी संगणकावर फरसबंदी रंगवितात. पोथीत यासच आपण प्रक्षेप म्हणतो. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संशयित पाठाखाली नागमोडी रेघ आढळते. या रंगविलेल्या फरशीखाली तशी रेघ कोण ओढतो?

या दृष्टीने पाहता सांधणीसाठी हगिन ही मुक्त प्रणाली आम्हांस विशेष उपयुक्त वाटते. कोणते छायाचित्र कोणत्या कोनात व कोणत्या बिंदूंवर जुळविले, याची नोंद ती साध्या मजकुरात ठेविते. ही नोंद म्हणजे संपादकाच्या पाठभेदांच्या टिपाच. दर्शनासाठी मॅथ्यू पेट्रॉफ यांची पॅनेलम ही प्रणालीही मुक्त आहे. तिच्यात उत्तर दिशा नोंदविता येते, वस्तूवर टीप जोडता येते, आणि मुख्य म्हणजे प्रतिमा आपल्याच संग्रहात ठेवता येते. उणीवही सांगितली पाहिजे : एकटी प्रतिमा दिशा देते, अंतर देत नाही. म्हणून मोजणीची फीत घरी ठेवून चालणार नाही.

आपल्याच संग्रहात हा मुद्दा क्षुल्लक मानू नये. मायक्रोसॉफ्टची फोटोसिंथ २००८ साली लोकांस खुली झाली व फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद पडली. फ्लॅशवर चालणाऱ्या दर्शनांचा आधार २०२० च्या अखेरीस गेला. परक्याच्या वाड्यात ठेविलेले दप्तर वाड्याबरोबर जाते, हा अनुभव कागदपत्रे जमविणाऱ्यांस नवा नाही.

तेव्हा संग्राहकांस आमची विनंती अशी की, मूळ सुटी छायाचित्रे, सांधणीची नोंद व तयार प्रतिमा ही तिन्ही एकत्र राखावीत. तारीख, उत्तर दिशा आणि पळसदेवासारख्या ठिकाणी पाण्याची पातळी लिहून ठेवावी. भरलेला भाग उघड दाखवावा. एवढे केले तर ती प्रतिमा साधन ठरेल. न केले तर शोभा.

सांगवी, तालुका बारामती