‘ट्रेड’ शब्दाची वाट

भूगोलाच्या मराठी पुस्तकांत ‘व्यापारी वारे’ हा शब्द पुष्कळ वर्षें रूढ आहे. इंग्रजी ‘ट्रेड विंड्स’चें हें भाषांतर. वाऱ्याचा आणि व्यापाराचा संबंध काय, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर पूर्वीं व्यापाऱ्यांचीं गलबतें या वाऱ्यांवर चालत, असें उत्तर मिळतें. गलबतें चालत हें खरें. परंतु नांव पडलें तें त्यामुळें नव्हे.

‘ट्रेड’ हा शब्द इंग्रजींत आला तो उत्तर जर्मनीकडील बोलींतून, आणि त्या वेळीं त्याचा अर्थ होता वाट, माग. पाऊल टाकणें या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाशीं त्याचें नातें आहे. नेहमीची वाट म्हणजे नेहमीचा क्रम; त्यावरून नेहमीचें काम, सुतार-लोहाराचें कसब; आणि क्रयविक्रय हा अर्थ त्यानंतरचा. एकाच दिशेनें सतत वाहणाऱ्या वाऱ्यास ‘ट्रेड’ वाहतो असें म्हणत. हे वारे उत्तर गोलार्धांत ईशान्येकडून व दक्षिण गोलार्धांत आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे वाहतात. नांव आहे तें त्यांच्या या नेमाचें. याच वाऱ्यांस फ्रेंच लोक ‘आलिझे’ म्हणतात. त्यांत व्यापाराचा गंधही नाहीं.

भाषांतरकारांस सगळा दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. अठराव्या शतकांत खुद्द इंग्रजांसच या शब्दांत व्यापार दिसूं लागला होता. आमची तक्रार निराळी आहे. कोशांतील पहिला अर्थ उचलावा आणि पुढें चालावें, ही संवय आपल्यांत फार. वास्तविक हा अर्थप्रवास मराठीस परका नाहीं. ‘चाल’ पायांचीही असते आणि कुळाचीही. ‘वहिवाटी’च्या पोटांत तर ‘वाट’ उघडच दिसते. ‘धंदा’ हा शब्दही ‘ट्रेड’सारखाच कारागिराचें काम आणि दुकानदाराचा व्यवहार दोन्ही सांभाळतो.

ज्यानें ‘ट्रेड युनियन’ला ‘कामगार संघटना’ म्हटलें, त्याचें कौतुक करावें तेवढें थोडें. त्यानें ‘व्यापारी संघ’ लिहिलें असतें, तर मजुरांची संस्था शेठजींच्या पदरांत पडती!

कित्येक पुस्तकांत आतां ‘पूर्वीय वारे’ असेंही छापतात. त्यांत दिशा कळते. वाऱ्याचा नेम कळत नाहीं. रुळलेला शब्द उपटून टाका, असें आमचें म्हणणें नाहीं. ‘व्यापारी वारे’ खुशाल राहूं द्यावेत. त्यांखालीं या नांवाचा खरा अर्थ सांगणारी एका ओळीची टीप तेवढी पाठ्यपुस्तककारांनीं द्यावी.