न निघालेल्या धुराचा बाजार

मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा घेताना इथल्याच, सडक अर्जुनीजवळच्या एका कास्तकाराने आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, बांधीत पाणी कमी ठेवलं तर बाहेरच्या देशातून पैसे येतात म्हणे. खरं काय?" आम्ही उभ्या उभ्या काहीतरी सांगून मोकळे झालो. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आम्हालाच टोचत राहिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने बाजारावर कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. पण या बाजारात विकली जाणारी वस्तू मुळात आहे तरी काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या आधी आमच्या विषयाचा आहे.

बाजार केवढा झाला ते आधी बघू. जॉन डेल्स नावाच्या कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ही कल्पना नीट मांडली. एकूण किती प्रदूषण चालवून घ्यायचं ते सरकारने ठरवावं, तेवढेच परवाने काढावेत, आणि ते कारखान्यांनी आपसात विकावेत-घ्यावेत. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने आम्लवर्षा रोखण्यासाठी सल्फर डायऑक्साइडवर हा प्रयोग केला. डिसेंबर १९९७ मध्ये क्योटो करार झाला, २००५ मध्ये युरोपचा कार्बन बाजार उघडला, जुलै २०२१ मध्ये चीनचा. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला आणि २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. जागतिक बँकेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे कार्बन कर आणि कार्बन बाजार मिळून ८० व्यवस्था जगात चालू आहेत, जगातल्या सुमारे २८ टक्के उत्सर्जनावर त्यांनी किंमत लावली आहे, आणि त्यातून सरकारांना वर्षाला १०० अब्ज डॉलरांहून जास्त महसूल मिळतो.

हे आकडे यशाची पावती म्हणून वाचले जातात. आमची पहिली तक्रार इथेच आहे. गावात दवाखाने वाढले म्हणून आजार कमी झाले, असं कुणी म्हणत नाही. बाजार वाढला आणि धूर घटला, ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि एकावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी जास्त महत्त्वाची. 'कार्बन बाजार' या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या वस्तू विकल्या जातात. एक परवाना, दुसरं क्रेडिट. परवाना म्हणजे एक टन धूर सोडण्याची मुभा. कारखान्याच्या चिमणीतून किती धूर निघाला ते मोजता येतं, मोजलं की तेवढे परवाने जमा करायचे. यात लबाडी होत नाही असं नाही. युरोपने सुरुवातीला इतके परवाने फुकट वाटले की २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. पुढे मर्यादा आवळली, परवाने काढून घेतले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाचा भाव १०० युरोंपर्यंत पोचला. त्या बाजाराखालच्या वीज आणि उद्योगक्षेत्राचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत आज सुमारे निम्मं आहे. पवनऊर्जा, सौरऊर्जा, कोळशाऐवजी गॅस यांचाही त्यात वाटा आहे. तरीसुद्धा सगळा बाजारच थोतांड आहे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसत नाही.

भारताची योजना मात्र एकूण धुरावर मर्यादा घालत नाही. टनभर सिमेंटमागे किती धूर, टनभर ॲल्युमिनियममागे किती, असं प्रमाण ती ठरवते. उत्पादन दुप्पट झालं तर प्रमाण सुधारूनही धूर वाढू शकतो. आणि बंधनकारक केलेल्या नऊ उद्योगक्षेत्रांत औष्णिक वीज सध्या नाही. तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, म्हणजे ३३०० मेगावॉट. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा धूर या बाजाराच्या वहीत नाही. चीनने सुरुवातच वीजकेंद्रांपासून केली होती, हे इथे आठवायला हरकत नाही.

मायकेल सँडेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने क्योटो कराराच्याच महिन्यात या व्यापाराविरुद्ध लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दंड आणि शुल्क यांत फरक असतो. निसर्गरम्य दरीत कचरा टाकल्याबद्दल दंड आहे, आणि एखादा श्रीमंत माणूस तो दंड म्हणजे कचरा टाकण्याचा दर समजून भरतो, तर त्याने पैसे भरले तरी चूक तशीच राहते. परवान्याच्या व्यापाराने धूर सोडण्यातली लाजच निघून जाते. आम्ही वर्गात हा युक्तिवाद पुष्कळदा शिकवला, आणि तो आम्हाला अर्धाच पटतो. कारण श्वास घेणं, भात शिजवणं, चुलीत लाकूड घालणं यातही कार्बन आहे. प्रत्येक टनात लाज शोधली तर चुलीपाशी बसलेली बाई आणि तिरोड्याची चिमणी एकाच रांगेत उभ्या राहतील. सँडेल परवान्याशी भांडत बसले. खरा गोंधळ क्रेडिटमध्ये होता.

क्रेडिट म्हणजे काय? जो धूर निघाला असता पण निघाला नाही, त्याचा दाखला. शांतपणे ऐका हं हे वाक्य. निघालेला धूर इथे विकला जात नाही. न निघालेला विकला जातो.

आपल्या न्यायवैशेषिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान खरं ज्ञान आहे असं ते म्हणाले. पण त्यांनी दोन अटी घातल्या. एक, अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. नुसतं 'नाही' असं काही नसतं. दुसरी अट जास्त कडक: घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. भर उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध झालं नाही. याला ते योग्यानुपलब्धी म्हणत. (परीक्षेत पोरं हा शब्द हमखास चुकवायची, आणि आम्ही हमखास विचारायचो.)

आता क्रेडिट या कसोटीवर लावून बघा. विकला जातो तो अभाव. त्याचा प्रतियोगी, म्हणजे 'एरवी निघाला असता' तो धूर, कुणी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. तो एका कागदावर लिहिलेला असतो, त्याला आधाररेषा म्हणतात. ही आधाररेषा बहुतेक वेळा विकणाराच मांडतो, आणि तपासणाऱ्याची फी तोच देतो. घेणाऱ्यालाही क्रेडिट स्वस्त हवं असतं, म्हणून तोही फार विचारत नाही. साध्या बाजारात तांदूळ कमी भरला तर घेणारा भांडतो. इथे वजनात मारलं तर दोघंही खूश. अंधारात घडा नाही असं दोघांनी मिळून ठरवलं.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. क्योटो कराराखालच्या योजनेत शीतकरणाचा एक वायू बनवणाऱ्या कारखान्यांना, भारतातल्याही काही, त्यातून निघणारा एचएफसी-२३ हा उपवायू जाळल्याबद्दल क्रेडिट मिळत होती. एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट. मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यात जास्त पैसा दिसू लागला. शेवटी २०१३ मध्ये युरोपने ती क्रेडिट घेणं बंद केलं. कच्छमधल्या मुंद्रा इथल्या कोळशाच्या वीजप्रकल्पाचीही याच योजनेत नोंदणी झाली, कारण तंत्र सुधारलेलं होतं आणि एरवी जास्त धूर निघाला असता. कोळसा जाळून कार्बन वाचवल्याचा दाखला! दरम्यान २००८ मध्ये २० युरोंच्या वर असलेला या क्रेडिटांचा भाव २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आला.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. नवेगाव-नागझिऱ्याच्या या पट्ट्यात जंगल राखणारी गावं आहेत. तेंदूपत्ता, मोह, बांबू यावर घरं चालतात. समजा क्रेडिट देणारा तपासनीस आला आणि त्याने ग्रामसभेला विचारलं, "हा प्रकल्प नसता तर तुम्ही हे जंगल तोडलं असतं का?" प्रामाणिक गाव म्हणेल, नाही. मग क्रेडिट शून्य, कारण काही वाचलंच नाही! तोडलं असतं म्हणणाऱ्याला पैसे. वाल्याचा वाल्मीकी झाला की सत्कार, हे आम्हाला समजतं. पण जो कधी वाल्या नव्हताच, त्याने काय करावं? आधी कुऱ्हाड उचलून दाखवावी? ही त्या तपासनीसाची दुष्टाई नव्हे. क्रेडिटच्या व्याख्येतून हे सरळ निघतं, आणि म्हणून नियम थोडे सुधारून ते जाणारं नाही.

दुसरी अडचण मालकीची. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क गावाला दिला. त्यात कार्बन हा शब्द नाही. मग झाडात साठलेला कार्बन कुणाचा? शेजारच्या गडचिरोलीत लेखा-मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला होता, तरी वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. डोळ्यांना दिसणाऱ्या, तोडून मोजता येणाऱ्या बांबूची ही कथा. न दिसणाऱ्या कार्बनचं काय होईल ते तुम्हीच बघा.

शब्द जमिनीचं काय करतो, हे तर पूर्व विदर्भाला शिकवायला नको. महसुलाच्या कागदात 'झुडपी जंगल' लिहिलं गेलं, आणि गुरं चरणारी, घरं उभी असलेली जमीन पिढ्यान्पिढ्या त्या दोन शब्दांत अडकली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचं सांगितलं. २०२३ च्या ग्रीन क्रेडिट योजनेत झाडं लावण्यासाठी 'अवनत' वनजमीन निवडायची आहे. ही कार्बन क्रेडिटपेक्षा वेगळी योजना, पण आमचा प्रश्न तोच. अवनत कुणाच्या डोळ्यांनी? लाकूड मोजणाऱ्याला जिथे काही दिसत नाही, तिथेच गुराख्याचा चारा असतो.

तर, त्या कास्तकाराचा प्रश्न. धानाच्या बांधीत पाणी साचून राहिलं की मातीला हवा मिळत नाही, तिथले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. मधूनमधून बांधी सुकवली तर मिथेन कमी होतो. हे विज्ञान खरं आहे, आणि त्यावर क्रेडिट मिळतात हेही खरं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये वेरा या मोठ्या नोंदणीसंस्थेने चीनमधले भाताचे असे ३७ प्रकल्प नाकारले. आपल्याकडे खरिपात रोवणीनंतर पावसाने दडी मारली की बांधी आपसूक सुकते. तिथे विकायला अभावच नाही. इटियाडोहच्या पाण्यावरचं उन्हाळी धान वेगळं, तिथे सुकवणं हा निर्णय असू शकतो. पण कालव्याची किंवा मामा तलावाच्या पाण्याची पाळी एकट्या कास्तकाराच्या हातात नसते. बांधी सुकवली आणि पुढची पाळी लांबली, तर पीक त्याचं जाणार, क्रेडिट दुसऱ्याचं राहणार.

म्हणून सही करण्याआधी त्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात, असं आम्ही आता सांगू. माझ्या बांधीत एरवी किती दिवस पाणी उभं असतं असं तुम्ही धरलंय? ते मोजलं कुणी? भाव पडला तर माझा वाटा किती? आणि करार किती वर्षांचा, मधे जमीन मुलांच्या नावावर झाली तर काय? कागद मराठीत नसेल तर परत पाठवावा.

ते स्वतः मागच्या रांगेत बसलेले दिसतायत. माईक आधी त्यांच्याकडे द्या.