शास्त्रज्ञ, सत्ता आणि कवटीचे माप

नाझी जर्मनीतील शास्त्रज्ञ भयापोटी नमले, हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. पुरेसे मात्र नाही. फिलिप लेनार्ड व योहानेस श्टार्क या नोबेलविजेत्या पदार्थवैज्ञानिकांनी हिटलरची जाहीर भलावण केली ती १९२४ साली, म्हणजे तो अधिकारारूढ होण्यापूर्वी नऊ वर्षे. त्या वेळी त्यांना भय कोणाचे होते?

तथापि हे दोघे उघडच पक्षपाती होते. अधिक विचारार्ह उदाहरण ऑयगेन फिशर यांचे असून, मराठी विद्येशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. बर्लिनमधील दाह्लेम येथे १९२७ साली स्थापन झालेल्या मानवशास्त्र-संस्थेचे ते संचालक. इरावती कर्वे यांनी डॉक्टरेटचा प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला. युरोपियांची कवटी अधिक विषमांग, म्हणून त्यांची तर्कबुद्धीही श्रेष्ठ, असे फिशर यांचे गृहीत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि विषमांगतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. गुरूचे गृहीत खोडून काढण्यास वेगळे तत्त्वज्ञान लागले नाही. गुरूचीच मोजपट्टी पुरली.

फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नाझी पक्षाचे सदस्यत्व त्यांनी घेतले १९४० मध्ये. केवळ सदस्यत्वाची नोंद शोधणाऱ्या अभ्यासकास मधली सात वर्षे निष्कलंक वाटतील. वस्तुतः १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी सैनिकांच्या शेकडो मिश्रवंशीय मुलांचे गुप्तपणे निर्बीजीकरण झाले, तेव्हा तज्ज्ञांचे अभिप्राय देणाऱ्यांत फिशर होते. नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथच्या मिश्र समाजावरील त्यांचा ग्रंथ १९१३ चा. राजसत्तेने त्यांच्या मुखी नवे मत घातले नाही. जुन्या मताला अंमलदार तेवढा मिळाला.

वऱ्हाडात १९३६ चे बर्लिन आठवते ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे केलेल्या देशी खेळांच्या प्रात्यक्षिकांमुळे. ती आठवण अभिमानाची आहेच. पण त्याच शहरात त्या वेळी मानवी शरीराकडे दुसऱ्या दृष्टीनेही पाहिले जात होते, ही नोंद तिच्या शेजारी क्वचितच आढळते.

इरावतीबाईंचा मतभेद निष्कर्षाशी होता, पद्धतीशी नव्हे. पुढे महाराष्ट्रातील जातींची शरीरमापे त्यांनी घेतली ती याच विद्येच्या आधारे. फिशर यांना मात्र १९५२ साली जर्मन मानवशास्त्र-परिषदेने सन्माननीय सदस्यत्व दिले.